लोणारची काच आणि रामन यांचा प्रकाश

(वऱ्हाडातील श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा शब्दांकित पाठ)



अमरावती आणि अकोला या दोन नगरांच्या दरम्यान २०२२ च्या जून महिन्यात ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि त्याची विश्वविक्रम म्हणून नोंद झाली. या प्रदेशात रस्त्याची खडी म्हणजे काळा पाषाण. विहीर खणा, पाया खोदा, कुदळीला लागतो तो हाच दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून वाहत आलेला लाव्हा थिजून तो तयार झाला. हाच पाषाण बुलढाणा जिल्ह्यात, लोणार येथे, एका क्षणात काच झाला. आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले. दगड फुटला, वितळला, उडाला आणि हवेतच थिजून मोहरीएवढ्या काळ्या मण्यांच्या रूपाने सभोवार विखुरला. कारखान्यात बनलेली काच माणसाला पाच हजार वर्षे परिचित आहे. वऱ्हाडात माणसाने भट्टी पेटविण्याच्या कितीतरी आधीची काच पडलेली आहे.

लोणारचा आणि काचेचा संबंध एवढ्यावर संपत नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलाने 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन केले. त्यात मेहकर सरकारातील लोणारची नोंद आहे. ब्राह्मण या स्थानाला विष्णुगया म्हणतात असे तो सांगतो, आणि काच व साबण करण्यास लागणारे सर्व पदार्थ या डोंगरांत मिळतात, हेही नमूद करतो. सरोवराचे पाणी अत्यंत अल्कधर्मी आहे. उन्हाळ्यात पाणी हटले की काठावर सोड्याचे थर उरत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्या क्षारांची वेगवेगळी नावे व्यापारात रूढ होती. वाळू वितळवायची तर सतराशे अंश सेल्सियसपर्यंत आच द्यावी लागते आणि एवढी आच साध्या भट्टीत मिळत नाही. त्यात सोडा मिसळला की तीच वाळू कित्येक शे अंश कमी तापमानाला पाझरू लागते. काच करणाऱ्या कारागिराला हे अनुभवाने ठाऊक होते. तसे का होते, हे मात्र विसाव्या शतकापर्यंत कोणालाच नीट सांगता आले नव्हते.

याचे कारण असे की काचेला रचना आहे की नाही, हाच वादाचा विषय होता. स्फटिकाचे तसे नाही. खडीसाखरेचा खडा असो वा गारेचा, त्यातील अणू कवायतीला उभ्या असलेल्या स्वयंसेवकांप्रमाणे ओळीत, ठरावीक अंतरावर उभे असतात. त्यांच्यावर क्षकिरण सोडले की त्या ओळींचा नकाशा हाती येतो. काचेवर क्षकिरण सोडले तर काही धूसर वलयांपलीकडे फारसे दिसत नाही. म्हणून काच म्हणजे थिजलेला द्रव, अणूंची नुसती गर्दी, असा समज दीर्घकाळ टिकला. १९३२ साली झॅकरायसन या नॉर्वेजियन वंशाच्या शास्त्रज्ञाने वेगळे चित्र मांडले. एका सिलिकॉन अणूभोवती चार ऑक्सिजन अणू असा चतुष्फलक स्फटिकात असतो, तोच काचेतही असतो. प्रत्येक चतुष्फलक कोपऱ्यातील ऑक्सिजनच्या पुलाने शेजाऱ्याशी जोडलेला असतो. फरक इतकाच, की या जोडणीतील कोन ठिकठिकाणी बदलतात आणि चार-सहा घरांच्या पलीकडे ओळ मोडते. गर्दी दिसते तिथे घरोघरी शिस्त असते. ग्रामरचना मात्र नसते.

सोडा या जाळ्यात काय करतो, हे आता सांगता येते. सोडियमचा अणू आत शिरला की ऑक्सिजनचा एक पूल तुटतो आणि चतुष्फलकाचे एक टोक मोकळे होते. पूल जितके तुटतील तितके जाळे सैल होते, काच कमी आचेवर मऊ होते आणि पाण्याला कमी दाद देणारी काच पाण्याने झिजू लागते. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला यासाठी फार लांबचे उदाहरण द्यावे लागत नाही. पूर्णेच्या दोन्ही काठांवर अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा त्याच्या परिचयाचा आहे. तिथे मातीच्या कणांत सोडियम वाढला की मातीची घडण मोडते, पाणी मुरत नाही आणि जमीन चिवट होते. काचेतील प्रक्रिया रासायनिकदृष्ट्या वेगळी आहे, उपमा तेवढ्यापुरतीच घ्यावी. पण एका परक्या अणूने सगळ्या रचनेचा स्वभाव पालटावा, हे दोन्हीकडे सारखे.

आता प्रश्न असा, की काचेच्या आतले हे तुटलेले आणि न तुटलेले पूल मोजायचे कसे? त्याचे साधन भारतात, लोकांच्या देणग्यांवर उभ्या राहिलेल्या संस्थेत सापडले.

डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली कोलकात्यात 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' स्थापन केली. भारतीयांनी भारतीयांच्या पैशाने, सरकारी कृपेवर न विसंबता विज्ञान करावे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या हयातीत तिथे व्याख्याने झाली, संशोधक मात्र फारसे आले नाहीत. १९०४ मध्ये डॉक्टर निवर्तले. पुढे १९०७ साली अर्थखात्यातील एक तरुण अधिकारी बहूबाजार रस्त्यावरील त्या इमारतीत शिरला आणि कचेरीच्या आधी व नंतर तिथे प्रयोग करू लागला. तो तरुण म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. नोकरीतील बदलीमुळे ते १९०९ मध्ये रंगूनला आणि १९१० मध्ये नागपूरला आले. विदर्भाच्या भूमीवर त्यांचा मुक्काम अल्पच होता, पण तिथेही त्यांचे प्रयोग थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी भरघोस वेतनाची सरकारी नोकरी सोडून कमी वेतनाचे प्राध्यापकपद स्वीकारले. आज पदवीधर मुलाला घरातून काय सल्ला मिळाला असता, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

१९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना भूमध्य समुद्राची निळाई पाहून रामन यांच्या मनात प्रकाशाच्या विकिरणाचा विषय घर करून बसला, ही कथा पाठ्यपुस्तकात आहे. पाठ्यपुस्तकात सहसा नसते ते असे, की या काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याबरोबर बर्फ आणि काचही तपासली. काचेसारख्या अस्फटिकी घन पदार्थांतील प्रकाशविकिरणावरचा त्यांचा शोधनिबंध १९२७ मध्ये अमेरिकेतील प्रकाशविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे जगप्रसिद्ध शोधाच्या उंबरठ्यावर रामन उभे होते, तेव्हा त्यांच्या मेजावर काचेचे तुकडे होते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, के. एस. कृष्णन यांच्या साहाय्याने, त्यांनी तो परिणाम निश्चित केला. उपकरणांचा खर्च दोनशे रुपयांच्या आसपास असल्याचे सांगितले जाते. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो.

परिणाम समजायला कठीण नाही. भिंतीवर चेंडू मारला तर तो जवळजवळ त्याच वेगाने परत येतो. देवळातील टांगलेल्या घंटेवर मारला तर घंटा नाद करते, आणि त्या नादासाठी लागलेली शक्ती चेंडूच्या वेगातून वजा होते. चेंडू किती मंदावला हे अचूक मोजता आले, तर घंटा न ऐकताही तिचा स्वर सांगता येईल. पदार्थातील अणूंचे बंध सतत कंप पावत असतात; प्रत्येक बंधाचा स्वर वेगळा. एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला की विखुरलेल्या प्रकाशाचा फार मोठा भाग त्याच रंगाचा असतो. सुमारे कोटीत एखादाच प्रकाशकण त्या कंपनाला शक्ती देऊन वा त्यातून घेऊन येतो, आणि त्याचा रंग किंचित पालटतो. रामन यांनी पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश वापरला होता. आता लेसर वापरतात. रंगात पडलेला हा फरक 'प्रति सेंटिमीटर' या मापात मोजतात. त्याचा आलेख म्हणजे रामन वर्णपट.

काचेसाठी हे साधन विशेष उपयुक्त ठरण्याचे कारण उघड आहे. बंधाला कंप पावण्यासाठी लांबच लांब ओळीची गरज नसते. शेजारच्या दोन-चार घरांतली शिस्त त्याला पुरते, आणि काचेत तेवढी शिस्त असतेच. शिवाय नमुना फोडावा, विरघळवावा लागत नाही. सूक्ष्मदर्शक जोडलेल्या यंत्रात केसाच्या जाडीहून कितीतरी लहान बिंदूवर प्रकाश टाकून त्या बिंदूपुरते वाचन करता येते.

वाचनाचे काही नमुने सांगितले पाहिजेत. नितळ सिलिका काचेच्या वर्णपटात ४४० च्या आसपास एक रुंद टेकडी दिसते. तिच्या अंगाखांद्यावर ४९० आणि ६०६ जवळ दोन बारीक शिखरे असतात. ती प्रारंभी दोषांची खूण मानली गेली. पुढे कळले, की चार-चार आणि तीन-तीन चतुष्फलकांनी हात धरून केलेल्या लहान वलयांचा तो स्वर आहे. तीनचे वलय ताणलेले असते, सावकाश थंड होणाऱ्या काचेत ते मोडून जाते आणि झपाट्याने थिजलेल्या काचेत अडकून राहते. म्हणून ६०६ चे शिखर किती उंच आहे, यावरून ती काच भट्टीतून कशी निवाली, हे अंदाजता येते. सोडा मिसळला की ११०० आणि ९५० जवळ नवी शिखरे उठतात. पहिले एक पूल तुटलेल्या चतुष्फलकाचे, दुसरे दोन पूल तुटलेल्याचे. त्यांच्या क्षेत्रफळांची तुलना केली म्हणजे किती टक्के पूल तुटले याचा हिशेब मांडता येतो. अबुल फजलाच्या काळातील कारागीर क्षाराचे प्रमाण डोळ्याने ठरवीत असे. या आलेखात ते आकड्यांत दिसते.

दुसरे उदाहरण टाकणखाराचे. सोनार डाग देताना वापरतो तो टाकणखार, संस्कृतातील टंकण. हिमालयापलीकडून तो भारतात येई आणि येथून पश्चिमेस जाई. त्यातील बोरॉनचे ऑक्साइड वितळवून निवविले की तयार होणाऱ्या काचेत बहुसंख्य बोरॉन अणू तीन-तीनच्या सपाट वलयांत बसतात. ८०८ वर त्यांचे एकच, अगदी सुईसारखे शिखर येते. काचेच्या वर्णपटात असे टोकदार शिखर दुर्मीळ. त्यात थोडा सोडियम वा लिथियम मिसळला तर अपेक्षा अशी, की सिलिकाप्रमाणे येथेही पूल तुटावेत. घडते उलटे. ८०८ चे शिखर ओसरते आणि ७७० जवळ दुसरे उगवते. कारण तीन हातांचा बोरॉन चौथा हात पुढे करतो आणि जाळे अधिक घट्ट होते. एका मर्यादेपर्यंत ही काच उष्णतेने कमी प्रसरण पावते, तिचा कणखरपणा वाढतो. मर्यादा ओलांडली की मात्र पूल तुटू लागतात. प्रयोगशाळेतल्या उष्णतारोधक काचपात्रांमागे बोरॉनचे हेच शास्त्र आहे.

हा विषय वऱ्हाडला अपरिचित नाही. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या आणि आता संत गाडगेबाबांचे नाव धारण करणाऱ्या अमरावती विद्यापीठाच्या परिवारातील पदार्थविज्ञान विभागांतून बोरेट काचांवर १९९० च्या दशकापासून शोधनिबंध प्रसिद्ध होत आले आहेत. त्यांत भर आहे तो विद्युत्वहनावर आणि श्राव्यातीत ध्वनीच्या वेगावर. मूस, भट्टी, मोजमापाची साधी उपकरणे आणि चिकाटी यांच्या बळावर हे काम उभे राहिले. पण वीज किती वाहिली हे कळले तरी ती का वाहिली, हे आतल्या रचनेवर ठरते. आणि तिथे रामन वर्णपट लागतोच.

लोणारच्या काचेत हा वर्णपट काय वाचतो, ते आता पाहू. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या सरोवराकडे पाश्चात्त्यांचे लक्ष वेधले. त्यानंतर दीड शतक ते ज्वालामुखीचे मुख मानले गेले. १९७३ साली अमेरिकी संशोधक आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील शास्त्रज्ञ यांनी मिळून जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात निर्णायक पुरावा होता काचेचाच. विवराच्या तळातील खडकात फेल्डस्पार या खनिजाचे कण बाहेरून जसेच्या तसे होते. आकार तोच, कडा त्याच. आतून मात्र ते काच झाले होते. वितळून नव्हे, दोन-तीन लाख वातावरणांच्या दाबाची लाट क्षणार्धात त्यातून गेली आणि अणूंच्या ओळी जागच्या जागी मोडल्या. ज्वालामुखी असा दाब निर्माण करू शकत नाही. या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. ती प्रथम ओळखली गेली १८७२ मध्ये, बिहारातील शेरघाटी येथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी पडलेल्या अशनीत, आणि तो अशनी मंगळावरून आलेला होता, हे पुढे सिद्ध झाले. मंगळाचा दगड अभ्यासणाऱ्याला लोणारचा दगड म्हणूनच हवा असतो. मोठ्या विस्ताराच्या काळ्या पाषाणावर पडलेले आणि इतके टिकून राहिलेले विवर पृथ्वीवर विरळा. चंद्र-मंगळावर मात्र अशी असंख्य आहेत.

रामन वर्णपटात हा फरक लहान मुलालाही दाखवता येईल. आघात न झालेला फेल्डस्पार ५०८ आणि ४८० जवळ दोन टोकदार सुळके देतो. विवराकडे जावे तसे ते बुटके व जाड होत जातात, आणि मॅस्केलिनाइटमध्ये त्यांच्या जागी नुसती रुंद उंचवट्यांची रांग उरते. सुळके किती झिजले यावरून त्या कणाने किती दाब सोसला, याचा अंदाज बांधता येतो. एक अडचण आहे. वऱ्हाडी पाषाणात लोह भरपूर, त्यामुळे वितळून झालेली काळी काच लेसरचा प्रकाश शोषून तापते, कधी स्वतःच चमकू लागते आणि तो क्षीण स्वर झाकला जातो. तेव्हा लेसरचा रंग पालटणे, त्याची शक्ती कमी करणे, पुनःपुन्हा वाचन घेणे याला पर्याय नसतो.

लोणारच्या वयाचा वाद अजून मिटलेला नाही, आणि तोही काचेभोवतीच फिरतो. आघाताने झालेल्या काचेवरील तप्तदीपन पद्धतीने १९९७ मध्ये वय सुमारे ५२,००० वर्षे आले. २०११ मध्ये वितळलेल्या खडकातील आर्गॉन वायूच्या मापनाने ते सुमारे ५,७०,००० वर्षे आले. दहापटीहून अधिक अंतर! जुन्या लाव्ह्यातील आर्गॉन नव्या काचेत अडकून राहिला असेल, तर वय फुगते. काचेतील खुणा नंतरच्या उष्णतेने पुसल्या गेल्या असतील, तर ते आटते. कोणता कण खरोखर पूर्ण वितळला आणि कोणता अर्धवट राहिला, हे वेगळे काढल्यावाचून हा गुंता सुटणार नाही. आणि ती निवड करण्याचे काम रामन वर्णपट चोख करतो.

येथे लवणासुराच्या कथेविषयी बोलणे प्राप्त आहे. भगवान विष्णूंनी दैत्यसूदन रूपात पायाच्या अंगठ्याने त्या दैत्याच्या भूमिगत निवासाचे झाकण उडवून त्याचा वध केला, ही कथा वऱ्हाडच्या घराघरांत सांगितली जाते आणि लोणारचे दैत्यसूदन मंदिर तिच्या श्रद्धेची साक्ष आहे. जमिनीखालचा खळगा, दूर फेकले गेलेले झाकण, खारट पाणी: निरीक्षण किती बारीक आहे! परंतु ही कथा म्हणजे अशनिपाताचा आँखो देखा वृत्तांत आहे, असे उत्साहाच्या भरात सांगणे बरे नव्हे. वरीलपैकी कोणतेही वय खरे ठरले तरी तो काळ स्मृतीच्या आवाक्यापलीकडचा आहे. श्रद्धेला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र लागत नाही, आणि प्रयोगशाळेला पुराणाचे. भूमीकडे डोळसपणे पाहण्याची पूर्वजांची सवय मात्र आज अधिक चांगल्या साधनांनी चालवता येते.

हे सारे जिज्ञासेपुरतेच आहे, असे वाटत असेल तर तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे उदाहरण घ्यावे. अणुइंधनाच्या पुनःप्रक्रियेनंतर उरणारा तीव्र किरणोत्सारी अवशेष बोरॉन-सिलिका काचेत वितळवून, पोलादी डब्यांत ओतून साठवला जातो. तारापूरचा असा प्रकल्प १९८५ मध्ये, तर तुर्भ्याचा २००२ मध्ये सुरू झाला. तुर्भ्याच्या अवशेषात सल्फेट होते, आणि नेहमीच्या सोडियमयुक्त काचेत सल्फेट फारसे विरघळत नाही. त्याचा निराळा थर वर तरंगतो, आणि तो पाण्यात विरघळणारा असल्याने किरणोत्सारी सीझियमही त्यातून निसटू शकते. भारतीय शास्त्रज्ञांनी काचेत बेरियम घालून सल्फेट सामावून घेणारे मिश्रण सिद्ध केले. सल्फेट खरोखर काचेच्या जाळ्यात बसले की कुठे खड्यांच्या रूपाने साचले, हे रामन वर्णपटातील ९९० जवळच्या शिखराची जागा आणि रुंदी पाहून कळते.

ही काच हजारो वर्षे भूगर्भात टिकावी लागेल. प्रयोगशाळेत फार तर काही वर्षांचे प्रयोग होतात. मग हजारो वर्षांची ग्वाही द्यायची कशाच्या आधारे? भारतीय भूवैज्ञानिकांनी त्यासाठी दख्खनच्या काळ्या पाषाणातील नैसर्गिक काचेचा अभ्यास केला आहे. कोट्यवधी वर्षे पाणी आणि ऊन सोसून ती कितपत झिजली, तिच्यावर कोणते संरक्षक थर चढले, हे पाहिले की मानवनिर्मित काचेचे भवितव्य वर्तविता येते. ज्या दगडाकडे वऱ्हाडात खडी म्हणून पाहिले जाते, त्याच्याकडे देशाची अणुऊर्जा साक्षीदार म्हणून पाहते.

मात्र कोलकात्यात दोनशे रुपयांत उमललेल्या या शोधाची प्रगत यंत्रे आज बहुतांश परदेशी बनावटीची आहेत. चांगल्या सूक्ष्मदर्शी यंत्राची किंमत कोटीच्या घरात जाते आणि जिल्ह्याच्या महाविद्यालयाला ते परवडत नाही. स्वदेशीचा विचार पणत्या आणि राख्यांवर थांबला, तर प्रयोगशाळेतील ही परावलंबिता नजरेआडच राहते. लेसर, जाळी, गाळण्या आणि प्रकाशग्राहक या चार भागांपैकी एकेक भाग देशात उत्तम प्रतीचा घडविणे, हे अभियांत्रिकीच्या तरुणांपुढचे खरे काम आहे. तोवर असलेल्या यंत्रांचा उपयोग करून घेण्यास हरकत नसावी. केंद्र शासनाने २०२० मध्ये आय-स्टेम नावाचे राष्ट्रीय दालन खुले केले; देशभरातील सार्वजनिक संस्थांतील यंत्रांवर वेळ राखून नमुना तपासून घेता येतो. अकोल्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला मुंबई वा नागपूरच्या यंत्रावर हक्काने काम मागता येते, हे त्यालाच अनेकदा माहीत नसते.

आणि यंत्र हा या कामाचा शेवटचा टप्पा आहे. त्याआधी दगडाचा पातळ काप घासून तयार करणे, तो भूशास्त्राच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, कोणता कण पूर्ण काच झाला आणि कोणता अर्धाच हे खुणेने दाखविणे, एवढे काम अमरावती-अकोल्यातच होऊ शकते. लोणार २०२० पासून रामसर स्थळांच्या यादीत आहे आणि अभयारण्य म्हणून संरक्षितही आहे. तेथील खडा वनखात्याच्या परवानगीवाचून उचलता येत नाही. परवानगीने उचललेल्या खड्याची जागा, खोली आणि विवराच्या काठापासूनचे अंतर त्याच वेळी वहीत टिपलेले नसेल, तर त्याचा वर्णपट कितीही सुबक आला तरी तो विवराच्या कोणत्या भागाचा, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.